प्रश्न तुमचे : फोटो एका सर्व्हरवर, शेतकरी दुसऱ्यावर

प्रश्न : ताई, नमस्कार. सावद्याला आमचं केळीच्या बाजारभावाचं पोर्टल आहे. शेतकरी बागेचे, घडांचे फोटो टाकतात, ते बघून व्यापारी फोन करतात. पूर्वी एकच सर्व्हर होता. गेल्या मे महिन्यात वादळाने बागा आडव्या झाल्या. त्या संध्याकाळी सगळे एकदम नुकसानीचे फोटो टाकायला लागले आणि सर्व्हर बसला. म्हणून आता दोन वेब सर्व्हर घेतले, पुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या लोकांना दोन्ही सर्व्हरांत वाटून देणारा) लावला. तेव्हापासून रोज फोन येतात, "भाऊ, फोटो आत्ता दिसून राह्यला होता, आता कुठे गेला?" भाच्याने दर पाच मिनिटांनी दोन्ही बाजूंनी आरसिंक (फाइलींची नक्कल दुसऱ्या मशीनवर करणारा प्रोग्राम) लावलं, तर खोडलेले फोटो परत येतात. दोन्ही सर्व्हरना एकच सामायिक जागा हवी म्हणून एक विक्रेता सॅन (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) घ्या म्हणतो, दुसरा ग्लस्टर सांगतो, भाच्याला सेफ (Ceph) हवंय; ही दोन्ही अनेक मशीनच्या डिस्क जोडून एक सामायिक जागा करणारी सॉफ्टवेअर आहेत. फोटो ४०० जीबी आहेत, महिन्याला आठ-दहा जीबी वाढतात. पोर्टल पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. बजेट दीड लाख. काय घेऊ?
— एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : भाऊ, तिन्ही कोटेशनं आठवडाभर बाजूला ठेवा. आधी तुमच्या सर्व्हरवरच्या मालाचे ढीग वेगळे करू. ते चार आहेत, आणि सामायिक जागा त्यातल्या एकालाच लागते.

पहिला ढीग पोर्टलच्या प्रोग्रामचा. तो सामायिक स्टोरेजवर अजिबात ठेवू नका. पीएचपीचं एक साधं पान उघडायला शेकड्यावारी फाइली लागतात, आणि प्रत्येक फाइल जागेवर आहे का, बदलली आहे का, हे विचारायला नेटवर्कवरून एकेक फेरी पडते. पान हळू उघडतं म्हणून लोक महागडी डिस्क आणतात, आणि वेळ तर त्या फेऱ्यांत जात असतो. प्रोग्रामची एकेक प्रत दोन्ही सर्व्हरवर ठेवा आणि बदल करायचा झाला की गिटमधून (प्रोग्रामचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) दोन्हीकडे एकदम सोडा. दुसरा ढीग सेशनचा, म्हणजे कोण लॉगिन झालंय त्या नोंदींचा. तो रेडिसमध्ये (मेमरीत नोंदी ठेवणारा प्रोग्राम) किंवा डेटाबेसमध्ये हलवा. तिसरा खुद्द डेटाबेस. मायएसक्यूएलच्या फाइली एका सामायिक फोल्डरात ठेवून त्यावर दोन सर्व्हर चालवायचा विचारही करू नका. त्याची स्वतःची रेप्लिकेशनची, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप प्रत ठेवायची, सोय आहे, तीच वापरा. भाव, नावं, फोन नंबर हे सगळं तिथेच असतं.

उरले फोटो. फोटो चढतो एका सर्व्हरवर, लोड बॅलन्सर शेतकऱ्याला पुढच्या वेळी दुसऱ्याकडे पाठवतो, म्हणून तो गेला असं वाटतं. सगळा प्रश्न या ४०० जीबीचा आहे, आणि एवढ्या मालासाठी दीड लाख पुरतात.

आरसिंकमुळे खोडलेले फोटो परत का येतात, तेही सांगते. दोन्ही बाजूंनी नुसतं आरसिंक लावलं की समोर नाही ती फाइल 'नवी' समजली जाते. एका सर्व्हरवरून फोटो खोडला, तर दुसऱ्यावरची प्रत त्याला परत आणून बसवते. खोडण्याचा पर्याय चालू केला तर उलटी गत होते, नुकताच आलेला फोटो समोर नाही म्हणून पुसला जातो. भाच्याला बोल लावू नका. एका दिशेने माल पाठवायला आरसिंक उत्तम आहे, पण दोन दिशांचा हिशेब ठेवणं त्याचं कामच नाही.

आता सॅन. विक्रेता तुम्हाला जे देईल ती आयस्कझीवरून (iSCSI, नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) दिसणारी कोरी डिस्क असेल. ती दोन्ही सर्व्हरना दिसेल, आणि तिथेच माणूस फसतो. मी फसले आहे. २००९ साली जळगावात एका ठिकाणी मी अशीच डिस्क एक्स्ट-३ ने (एकाच सर्व्हरसाठी असलेली लिनक्सची फाइल सिस्टिम) फॉरमॅट केली आणि दोन्ही सर्व्हरवर जोडली. दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी एक पावती उघडली तर तिच्यात दुसऱ्याच माणसाची अर्धी पावती. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर दोन तलाठ्यांनी एकमेकांना न विचारता आपापल्या वहीतून फेरफार घालत बसावं, तसं झालं होतं. कुठली जागा मोकळी आहे याची यादी प्रत्येक सर्व्हर आपल्या मेमरीत धरून होता, आणि एकच मोकळी जागा दोघांनी दोन फाइलींना दिली. अशी डिस्क खरंच दोघांत वापरायची तर जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२ अशी क्लस्टरसाठी केलेली फाइल सिस्टिम लागते, तिच्यासोबत कुलपांचा हिशेब ठेवणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि ती सांभाळणारं माणूस लागतं. फोटोंसाठी एवढा पसारा मी मांडणार नाही.

एनएफएस घ्या. एका सर्व्हरवरचं फोल्डर बाकीच्यांना नेटवर्कवरून वापरू देणारी, सन कंपनीने १९८४ साली आणलेली ही पद्धत आहे. तिच्यात वही एकाच सर्व्हरच्या हातात राहते, बाकीचे त्याला विचारतात. दोन तलाठ्यांचा प्रश्न मिटला. "जुनं आहे, हळू आहे" असं तुम्हाला सांगतील, म्हणून हिशेब करून बघा. साधं गिगाबिट नेटवर्क म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११०च्या आसपास मिळतात. व्यापाऱ्याला दाखवायचा फोटो लहान करून २०० केबीचा केला, तर सेकंदाला पाचशेवर फोटो त्या तारेतून जातात. सावद्याच्या भल्या सकाळीसुद्धा तुमची तेवढी मागणी नसेल. अडचण येते ती फिरत्या डिस्कवर. ७२०० आरपीएमची डिस्क इकडचा-तिकडचा माल उचलायला लागली की सेकंदाला शंभराच्या आतच फेऱ्या करते. म्हणून फोटोंसाठी एसएसडी घ्या आणि स्टोरेजच्या पेटीत, म्हणजे सर्व्हरमध्ये, ३२ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) मेमरी टाका. आजचे-कालचे फोटो मेमरीतूनच जातील. शिवाय प्रत्येक फोटोला नवं नाव द्या, जुन्या नावावर नवा फोटो चढवू नका. मग वेब सर्व्हरवर एनजिनएक्सला (पानं आणि फोटो पाठवणारा प्रोग्राम) फोटो आपल्याकडे साठवून ठेवता येतात आणि स्टोरेजकडे जायची वेळच कमी येते.

खरेदीचं म्हणाल तर पेटी जुनी चालेल, डिस्क नवी हवी. कंपन्यांतून निघालेले, तपासून विकलेले दोन सर्व्हर घ्या. दोन कशाला ते पुढे सांगते. प्रत्येकात सर्व्हरसाठीच्या दोन एसएसडी मिररमध्ये लावा, म्हणजे दोन्हींवर तोच माल राहील. वीज जाताना हातातलं लिखाण पूर्ण करायला आत कपॅसिटर असतात, तसल्याच मागा. लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडीत ते सहसा नसतात. आणि दोन्ही डिस्क एकाच लॉटमधल्या घेऊ नका, एका खोक्यातल्या एका आठवड्यात जाऊ शकतात. वर झेडएफएस ही फाइल सिस्टिम बसवा. उबुंटूत ते २०१६ पासून सहज मिळतं. ते प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज (चेकसम) जपून ठेवतं. महिन्यातून एकदा त्याला सगळी डिस्क तपासायला लावलं की एका डिस्कवर सडलेला तुकडा दुसरीवरून दुरुस्त करतं.

जोडताना दोन गोष्टी. एनएफएसचा 'हार्ड' पर्याय ठेवा, म्हणजे स्टोरेज येईपर्यंत सर्व्हर वाट बघतो. 'सॉफ्ट' ठेवला तर स्टोरेज जरा अडलं की अर्धवट लिहिलेले फोटो उरतात. पण हार्डचीही एक खोड आहे. स्टोरेज बंद पडलं की त्याच्याकडे गेलेली प्रत्येक पीएचपी प्रोसेस तिथेच खिळून उभी राहते, साध्या किलने मरत नाही. बघता बघता सगळ्या प्रोसेस खिळतात आणि ज्या पानावर एकही फोटो नाही ते भावाचं पानसुद्धा उघडत नाही. यासाठी फोटो चढवणं आणि दाखवणं वेगळ्या पत्त्यावर न्या आणि त्याला स्वतःचा वेगळा, मोजका पीएचपी पूल (प्रोसेसचा गट) द्या. मग स्टोरेज गेलं तर फोटो दिसणार नाहीत, भाव दिसत राहील. शेतकरी सकाळी सहाला जे बघायला येतो ते भावच.

आता वीज. हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे स्टोरेजच्या निम्म्या भानगडी इथून सुरू होतात. धुळ्यातल्या एका ग्राहकाकडे कापूस खरेदीच्या काटापावत्यांचे फोटो असेच एनएफएसवर जात. जानेवारीत एका रात्री वीज गेली, यूपीएस संपला, पहाटे वीज आली. तिन्ही मशीन एकदम चालू झाली. वेब सर्व्हर दीड मिनिटात उठले. स्टोरेजची पेटी जुनी, तिला सहा मिनिटं लागली. वेब सर्व्हरने फोल्डर जोडायला बघितलं, स्टोरेज सापडलं नाही, तो पुढे निघून गेला. पण ज्या रिकाम्या फोल्डरवर ते जोडायचं, ते तर त्याच्या स्वतःच्या डिस्कवर होतंच. सकाळी आलेल्या पावत्या त्यातच पडत राहिल्या, कुठेही चूक दाखवली नाही. दुपारी कुणीतरी "जुन्या पावत्या दिसत नाहीत" म्हणून फोल्डर हाताने जोडलं. जोडलेल्या फोल्डरने खालचं झाकून टाकलं, जुन्या पावत्या आल्या आणि सकाळच्या गेल्या. शेतकरी खिडकीसमोर रांगेत, आणि आम्ही डिस्क गेली समजून डिस्क शोधतोय. रात्री अकराला मी फोल्डर सोडवलं तर सगळ्या पावत्या खाली तशाच पडलेल्या. त्या एका दिवसात लोकांच्या पैशाच्या कागदाशी आपण खेळतोय याची जाणीव मला जेवढी झाली तेवढी कधी झाली नव्हती.

याचा उपाय फुकट आहे. दोन्ही वेब सर्व्हरवर, स्टोरेज जोडलेलं नसताना, त्या रिकाम्या फोल्डरला 'यात काहीही लिहिता येणार नाही' असा कायमचा शिक्का मारा. लिनक्समध्ये इम्युटेबल म्हणतात तो, रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) लागू होतो. स्टोरेज नसेल तर फोटो चढवताना लगेच चूक दिसेल, आणि दिसलेली चूक परवडते. शिवाय स्टोरेजवर एक छोटी खुणेची फाइल ठेवा. ती दिसल्याशिवाय त्या सर्व्हरकडे लोक पाठवू नको, असं लोड बॅलन्सरला सांगा. बंद होताना वेब सर्व्हर आधी आणि स्टोरेज शेवटी, चालू होताना स्टोरेज आधी. ऑनलाइन यूपीएस घ्या आणि त्याची केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः नीट बंद होईल. घरच्या इन्व्हर्टरवर स्टोरेज ठेवू नका. आणि खोलीचं तापमान बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो. बहुतेक हार्ड डिस्कना ६० अंशांची मर्यादा असते, पण ती डिस्कच्या अंगाची. एसी बंद पडलेल्या खोलीत डिस्क तिथे कधी पोचली ते कळतही नाही. तापमान वाढलं की मोबाइलवर संदेश येईल, एवढं भाच्याकडून करून घ्याच.

दुसरी पेटी कशाला, तर पहिली कधीतरी जाणार म्हणून. इथे दोन रस्ते आहेत. एक डीआरबीडी, एका पेटीची डिस्क नेटवर्कवरून दुसरीवर जशीच्या तशी उतरवणारं, २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. त्याच्या 'सी' पद्धतीत दोन्ही पेट्यांच्या डिस्कवर लिहून झाल्याशिवाय लिखाण झालं म्हणतच नाहीत, त्यामुळे पहिली पेटी गेली तरी झालेलं लिखाण बुडत नाही. दुसरा रस्ता झेडएफएसचा. दर पाच मिनिटांनी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या मालाची गोठवलेली स्थिती) घ्यायचा आणि फक्त बदल दुसऱ्या पेटीकडे पाठवायचा. पहिली गेली तर जास्तीत जास्त शेवटच्या काही मिनिटांचे फोटो जातात.

डीआरबीडी वरवर जास्त चांगलं वाटतं. तरी मी तुम्हाला दुसरा रस्ता सांगते, आणि कारण रेल्वेतलं आहे. माझे वडील सुरत–भुसावळ मार्गावर एका लहान स्टेशनात मास्तर होते. मार्ग तेव्हा एकेरी. त्यांच्या खोलीत एक लोखंडी यंत्र होतं. पुढच्या स्टेशनाने घंटीवरून होकार दिला की त्यातून लोखंडी गोळा बाहेर पडे. तो चामड्याच्या पिशवीत घालत, पिशवीला वेताची मोठी कडी, आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून हात घालून ती कडी उचले. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही स्टेशनांच्या यंत्रांतून दुसरा निघतच नसे. फोन बंद असो, पाऊस असो, मास्तर नवखा असो, एका वेळी त्या रुळावर एकच गाडी.

दोन पेट्यांमधली तार तुटली की प्रत्येकीला वाटतं दुसरी मेली, आता मीच मुख्य. दोघी लिहायला लागतात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात, आणि त्यानंतर कुठला फोटो खरा हे कुणालाच सांगता येत नाही. आपोआप ताबा घेणारी व्यवस्था करायची तर गोळ्यासारखं काहीतरी हवं. कौल द्यायला तिसरं मशीन हवं, आणि ताबा घेण्याआधी दुसऱ्या पेटीची वीज खरोखर तोडणारी सोय हवी. ते जमेपर्यंत ताबा माणसाच्या हाताने द्या. कागदावर क्रम लिहून रॅकच्या दारावर चिकटवा. पहिल्या पेटीची वायर उपटा, सगळ्यात आधी. दुसऱ्या पेटीवर येणारे स्नॅपशॉट थांबवा. ती एरवी फक्त वाचण्यापुरती ठेवलेली असते, तिला लिहायची परवानगी द्या. स्टोरेजचा आयपी पत्ता तिच्यावर आणा. दोन्ही वेब सर्व्हरवर फोल्डर सोडवून पुन्हा जोडा, नाहीतर 'स्टेल फाइल हँडल' म्हणून ते अडून बसतील. खुणेची फाइल दिसते का बघा. दहा मिनिटांचं काम आहे. दहा मिनिटं फोटो नसले तरी केळीचा सौदा अडत नाही, भाव तर दिसतोच आहे.

हे आखाजीच्या आत एकदा खरोखर करून बघा, आणि तुम्ही किंवा भाच्याने नको. रात्री ऑफिसात जो मुलगा असतो त्याला कागद द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. तो जिथे अडेल तिथे कागद दुरुस्त करा.

ग्लस्टरबद्दल थोडक्यात. दोनच पेट्यांवर ते चालवू नका, तिथेही स्प्लिट-ब्रेन आहेच. तिसरी पेटी किंवा निदान पंच म्हणून एक लहान मशीन लागतं. बारीक-बारीक लाखो फाइलींचं फोल्डर त्यावर हळू चालतं. आणि रेड हॅटने आपलं ग्लस्टरचं उत्पादन ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं, म्हणून आज नव्याने त्यात शिरायला मी सांगणार नाही. सेफ मला मनापासून आवडतं. सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातल्या पीएचडीच्या कामातून ते निघालं, आणि दहा-वीस पेट्या, शेकडो टेराबाइट असतील तर त्याच्याइतकं भक्कम फुकटात दुसरं मिळणं कठीण. पण त्याला किमान तीन पेट्या, नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, शक्यतो १० गिगाबिटचं नेटवर्क आणि त्याचं दुखणं ओळखणारा माणूस लागतो. भाच्याला शिकायचंय तर त्याला तीन जुने संगणक द्या, घरी उभारू दे. पुढे त्याच्या कामाला येईल. तुमच्या ४०० जीबीला नको.

क्लाउडचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ॲमेझॉनचं एस-थ्री २००६ पासून आहे आणि मुंबईत त्यांचं केंद्र २०१६ साली आलं. फोटो तिथे ठेवणं स्वस्त पडतं, पण बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे लागतात, आणि तुमचं कामच दिवसभर फोटो दाखवण्याचं. महिन्याला किती जीबी फोटो बाहेर जातात ते एनजिनएक्सच्या लॉगमधून आधी मोजा, मग ठरवा.

आणि बॅकअप. मिरर म्हणजे बॅकअप नाही, दुसरी पेटीही नाही. कुणी चुकून फोल्डर खोडलं तर पाच मिनिटांत ते दोन्हीकडून जातं. तासाचे, दिवसाचे स्नॅपशॉट दोन्ही पेट्यांवर राखून ठेवा, आणि दर आठवड्याला एका बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून ती ऑफिसात न ठेवता घरी न्या. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून पाच फोटो परत आणून उघडून बघा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क पडून आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टसाठी सामायिक सर्व्हर करायचा आहे, डिस्क रेडने, म्हणजे एक गेली तरी माल वाचेल अशा, एकत्र जोडायच्या आहेत. रेड ५ करू की रेड १०? रेड ५ मध्ये १२ टीबी मिळतात, रेड १० मध्ये आठच.
— एक प्राध्यापक, शहादा

उत्तर : सर, रेड १० करा. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की नवी भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबीला ते अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि सारख्याच वयाच्या डिस्कवर तोच सगळ्यात जास्त ताण. त्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. रेड १० मध्ये डिस्क जोडीजोडीने मिरर केलेल्या असतात, म्हणून फक्त जोडीदार डिस्क वाचायची असते. शिवाय रेड ५ मध्ये प्रत्येक लहान लिखाणाला चार फेऱ्या पडतात, दोन वाचायच्या आणि दोन लिहायच्या. साठ मुलं एकदम सेव्ह करायला लागली की ते जाणवेल.

त्याआधी डिस्कचं लेबल बघून मॉडेल नंबर शोधा. एसएमआर प्रकारच्या निघाल्या तर त्या रेडमध्ये घालू नका. त्यांत पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे लागोपाठ लिहायला लागलं की इतक्या मंदावतात की कंट्रोलर त्यांना मेलेल्या समजून बाहेर काढतो. अशा डिस्क बॅकअपसाठी ठेवा. आणि पडून होत्या म्हणता, तर लावण्याआधी स्मार्टची (डिस्कमधलीच स्वतःला तपासायची सोय) लांब चाचणी चारही डिस्कवर रात्रभर चालवा. रीॲलोकेटेड सेक्टरचा (खराब होऊन बदललेल्या जागांचा) आकडा शून्याच्या वर दिसला तर ती डिस्क विद्यार्थ्यांना उघडून बघायला द्या.